सकाळी अभ्यास, दुपारनंतर शिफ्ट, मग विश्रांती बसवायची कुठं?

अनगोळ_नाका

नमस्कार मंडळी. मी बेळगावात अनगोळला राहतोय, बेंगळुरूच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम घरातनंच करूलोय. क्लायंट यूकेचा म्हणून शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. सकाळी सहा ते नऊ केपीएससीचा (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा) अभ्यास, पीडीओची, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याची, जागा निघाली की भरायची असं डोक्यात आहे, आणि त्यात कन्नडचा सक्तीचा पेपर आहेच. शाळा सगळी मराठीत झालीय, त्यामुळं कन्नड बोलता येतंय, बोर्ड वाचता येतोय, पण निबंध लिहायला बसलो की हात अडतोय.

आता प्रश्न. यूट्यूबवर बघून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं ब्रेक असं लावून बघितलं. होतंय काय की कन्नडचा एखादा उतारा लिहिताना जरा कुठं लय लागली की टायमर वाजतोय, आणि एकदा ब्रेक घेतला की फोन हातात, रील्स सुरू, पाचाची वीस मिनिटं कधी झाली कळतच नाही. दुपारी चारच्या सुमाराला तर डोकं बंदच पडतंय, स्क्रीनकडं बघत नुसतं बसायचं. रविवारी पण अभ्यासाला बसतोय, नाही बसलो तर दिवसभर मनाला टोचणी, फिरायला गेलो तरी लक्ष तिकडंच. आणि घरात असल्यामुळं "आहेस की घरातच, जरा गिरणीवर जाऊन ये" हे वेगळंच.

मला रेडीमेड टाइमटेबल नको, ते नेटवर ढिगानं आहेत. आपल्या भागातल्या माणसांनी सांगा, तुम्ही काम आणि आराम खरंच कसा लावता?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

भावा, मी कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर आहे, त्यामुळं माझं उत्तर मशीनवरनंच येणार.

पहिलं म्हणजे ते २५ मिनिटाचं काय शास्त्र वगैरे समजू नको. फ्रान्सेस्को सिरिलो म्हणून इटलीचा माणूस, १९८० च्या दशकात कॉलेजला असताना त्याचं अभ्यासात मन लागत नव्हतं म्हणून त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर समोर ठेवलं, तिथनं ते पोमोडोरो नाव. म्हणजे मुळात ज्याला सुरुवातच होत नाही त्याच्यासाठी काढलेला उपाय आहे तो. तुला सुरुवात व्हायचा त्रास दिसत नाही, तुला लय लागतेय. मग वाजू दे की टायमर, बंद कर आणि उतारा संपवूनच ऊठ.

आमच्याकडं कामं दोन जातीची असतात. जॉब बदलला की सेटिंग, म्हणजे जॉब धरणारा चक बदलायचा, टूल लावायचं, ऑफसेट म्हणजे टूलच्या मापाचा आकडा टाकायचा, पहिला पीस काढून क्वालिटीला दाखवायचा. त्या वेळात कुणी हाक मारली तरी मी मान वर करत नाही, कारण एक आकडा चुकला की टूल जाऊन चकला धडकतंय. पहिला पीस पास झाला की मग रनिंग. सायकल चालू, पीस काढायचा, नवीन लावायचा, अधनंमधनं मायक्रोमीटर लावून बघायचं, तिथं शेजारच्या मशीनवाल्याशी बोलत बोलत पण काम होतंय. दोन्हीला एकच टायमर लावून कसं चालेल? तुझा कन्नड निबंध हे सेटिंग आहे, त्याला तासभर सलग दे, फार तर सव्वा तास. जनरल नॉलेजच्या नोट्स चाळणं हे रनिंग आहे, त्याला २५ मिनिटं चालतील.

आणि एक गोष्ट मी नेमानं करतो. चहाची बेल झाली आणि काम अर्धवट असलं तर उठायच्या आधी जॉब कार्डाच्या मागं पेन्सिलनं एक ओळ लिहितो, "तीन नंबर टूलचा एक्स ऑफसेट बघायचा राहिलाय". एवढं लिहिलं की चहा पिताना ते डोक्यात फिरत नाही. सोफी लेरॉय नावाच्या बाईनं यावर २००९ साली अभ्यास मांडलाय, अर्धवट टाकून आलेल्या कामाचा काही भाग डोक्यात मागं राहतो आणि पुढच्या कामाला लक्ष पुरं मिळत नाही असं तिचं म्हणणं. मला पेपर वाचायच्या आधीपासनं हे माहीत होतं, पण कुणीतरी तपासून बघितलंय हे चांगलं वाटलं. तू पण उतारा सोडून उठताना पुढचं वाक्य काय लिहिणार ते कोपऱ्यात लिहून ऊठ. परत बसल्यावर सुरुवात शोधत बसावं लागत नाही.

निपाणीकर

वरच्या भावाचं दोन जातींचं बरोबर आहे. माझी आई विड्या वळते, तिच्याकडं बघून मला हेच वाटायचं. रात्री पान भिजत घालायचं, सकाळी कात्रीनं पान कापायचं, मग सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचं. पान कापताना गल्लीतल्या सगळ्या बायका एकत्र, दुनियेच्या गप्पा. वळताना बोलणं आपोआप कमी, आणि शेवटी विड्यांची तोंडं दुमडताना परत गप्पा सुरू. कामातच हलकं-जड असं लागलेलं. त्यामुळं मला तर वाटतंय वेगळी विश्रांती कशाला पाहिजे, काम बदललं की झाली विश्रांती. तू निबंध झाला की लगेच गणितं घे, डोकं फ्रेश होतंय.

फोनचं मात्र एक सांगतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. उलटा करून टेबलावर ठेवणं, सायलेंट करणं, हे काय उपयोगाचं नाही, हात जातोयच. टायमर पाहिजे तर बाजारातनं साधं गजराचं घड्याळ आण.

नाइटड्युटी_सिस्टर

निपाणीकर दादा, थोडं अडवते. काम बदललं की कंटाळा जातो, थकवा जात नाही. निबंधानंतर गणितं घेतली तर डोळे तेच, मान तीच, खुर्ची तीच. तुमच्या आईंना विचारून बघा, दिवसाच्या शेवटी बोटं आणि पाठ काय म्हणतात. आणि त्या हजार विड्यांवर मजुरी घेतात, त्यामुळं उठणं त्यांना परवडत नाही, म्हणून कामातच हलकं-जड शोधलेलं आहे. ज्याला उठता येतं त्यानं उठावं.

अनगोळवाले भाऊ, तुमच्या चारच्या सुस्तीबद्दल बोलते, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. तुम्ही साडेदहाला लॅपटॉप बंद करता, जेवण, थोडा फोन, झोप लागेपर्यंत पावणेबारा-बारा होत असणार. साडेपाचला उठता. म्हणजे साडेपाच-सहा तास झोप. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, ते रोज कमी पडले तर दुपारी डोकं बंद पडणारच, त्यावर कुठलंही टायमर चालणार नाही. अभ्यास सहाऐवजी सातला सुरू करा. एक तास गेला असं वाटेल, पण उरलेले दोन तास जागे राहून होतील.

दुसरं, शिफ्टच्या आधी झोपा. बारा वाजता जेवा आणि साडेबाराला २० मिनिटांचा गजर लावून आडवं व्हा. नासानं लांबच्या विमानांच्या पायलटांवर प्रयोग केला होता, कॉकपिटमध्ये आलटूनपालटून ४० मिनिटं विश्रांतीला दिली, त्यात सरासरी २६ मिनिटं झोप झाली आणि ज्यांना ती मिळाली ते पायलट उतरण्याच्या वेळेला जास्त सावध होते. पण तास-दीड तास झोपू नका, गाढ झोपेतनं उठवलं की अर्धा तास माणूस भ्रमल्यासारखा असतो. आम्ही नाइटला ब्रेकमध्ये झोपतो तेव्हा म्हणूनच एकमेकींना वेळेवर उठवतो, आणि उठल्या उठल्या कुणी इंजेक्शन भरायला घेत नाही, आधी तोंड धुणं, पाणी, दोन फेऱ्या.

आणि संध्याकाळी सात-साडेसातचा चहा बंद करा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास जातात, म्हणजे बारा वाजता तुम्ही अंथरुणावर आणि निम्मा चहा अजून अंगात. शेवटचा चहा चारला.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

सिस्टर, ते दीड तासाचं पण खरं काय ओ? एका व्हिडिओत सांगत होते की दर ९० मिनिटांनी मेंदू आपोआप थकतोय म्हणून ९० मिनिटं काम करायचं.

नाइटड्युटी_सिस्टर

झोपेत साधारण ९० मिनिटांची चक्रं असतात हे पक्कं आहे. तसंच चक्र जागेपणी पण चालत असेल असं नॅथॅनियल क्लाइटमन या झोपेच्या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं, पण त्याला झोपेतल्याइतका भक्कम पुरावा नाही. तरी तास-दीड तास हा अंदाज वाईट नाही. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत शाळेतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. त्यातले सगळ्यात चांगले विद्यार्थी एकट्यानं रियाज करायचे तो दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास, तोही सलग नाही, मध्ये थांबून. आणि ते इतरांपेक्षा झोपायचे जास्त, दुपारची डुलकी धरून. लोक त्या अभ्यासातनं फक्त दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो एवढंच लक्षात ठेवतात, झोपेचं कुणी सांगत नाही, मला याचं फार वाईट वाटतं.

वडगाव_माग

मी घरात पॉवरलूम चालवते, साड्यांचं काम. सगळ्यांचं वाचलं, सिस्टरांचं लिहिलेलं पोराला मोठ्यानं वाचून दाखवलं.

माग चालू असला की सगळं लक्ष कानात असतंय. खडखड एकसारखी चाललीय तोवर ठीक, आवाज जरा बदलला की तार तुटली, माग थांबवून तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, फणीतनं ओढून घ्यायचं, परत सुरू. आडव्या सुताची कांडी संपली की बदलायची. त्यामुळं आम्हाला बारीक बारीक थांबणं सारखंच असतंय, पण त्याला आराम म्हणत नाहीत बघा, कारण ते मागाच्या मर्जीनं आहे, माझ्या नाही.

तसंच लाईटचं. लाईट गेली की माग बंद, शेजारची म्हणते झाला आराम तुम्हाला. कसला आराम? लाईट कधी येईल ते माहीत नसतंय, कान बल्बकडं आणि जीव ऑर्डरीकडं. अशी दोन तास लाईट गेली तरी मी उठते तशी दमलेलीच. आणि मी ठरवून दोन ते अडीच माग बंद करते तेव्हा अर्ध्या तासात अंग मोकळं होतंय. कधी सुरू आणि कधी संपणार ते आधी माहीत पाहिजे, तरच मन त्यात उतरतंय. तुमचं फोन बघणं असंच झालंय असं मला वाटतंय, सुरू झालेलं कळतंय, संपायचं ठिकाण नाही.

बायकांचं अजून एक असतंय. माग थांबला की कुकर लागतोय. ब्रेक म्हणून उठायचं आणि भाकरी थापायला बसायचं, असं वर्षानुवर्षं चाललंय सगळ्या घरात, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मी शेवटी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, दोन ते अडीच मला कुणी हाक मारायची नाही, पाणी पाहिजे तर उठून घ्यायचं. पहिल्यांदा तोंडं वाकडी झाली. आता नवराच पोरांना म्हणतोय, आईची वेळ आहे, बाहेर खेळा.

तुम्ही पण आईला सांगा की हो, त्यांना कसं कळणार पोरगं काम करायलंय का व्हिडिओ बघायलंय, दोन्हीला मान खालीच. सात ते नऊ आणि दीडच्या पुढं हाक मारू नको, आणि साडेनवाला गिरणी, भाजी, काय असेल ते मी जातो, असं स्वतःहून बोला. दळण घेऊन चालत जाणं तुमच्या डोळ्याला चांगलंच आहे. मला डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दर २० मिनिटांनी २० फुटांच्या पलीकडचं काहीतरी २० सेकंद बघत जा, मी दारातनं समोरच्या घराचं कौल बघते.

अनगोळ_नाका

वडगावच्या अक्का, हे आईचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्रीच बोलतो. सिस्टर, चहा सातचाच आहे माझा, बरोबर ओळखलात. झोपेचा हिशेब पण तोच आहे.

अजून एक राहिलंच पण. रविवार. बाकीचे पोरं बारा-बारा तास बसायलेत म्हणतात, टेलिग्राम ग्रुपवर रोज फोटो टाकतात तासांचे. मी रविवारी उठून राजहंसगडावर जरी गेलो तरी वर बसून तेच आठवायलंय. ही टोचणी कशी घालवायची?

येळ्ळूर_शिवार

बाळा, राजहंसगडावर येतोस म्हणजे आमच्या गावातनंच जातोस, म्हणून लिहितोय. माझं वय साठीच्या पुढं, बासमती करतोय वडिलांच्या काळापासनं.

आमच्यात सोमवारी बैलाला जू लावत नाहीत. आमच्याच गावात नाही, ह्या सगळ्या पट्ट्यात ती रीत, तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. शेत कितीही वापशाला आलेलं असू दे, सोमवारी नांगर नाही. आता ट्रॅक्टर आले, बैल राहिले थोडे, पण ज्यांच्या दावणीला आहेत ते अजून पाळतात. तसंच यात्रेच्या आधी गावात वार पाळणूक असते. पंच बसून ठरवतात, मंगळवार-शुक्रवार असे ठरलेले वार कुणी शेतात जायचं नाही. काही गावांत त्या दिवशी गिरणीसुद्धा बंद.

त्याचा देवाधर्माचा भाग बाजूला राहू दे, मी तुला त्यातली दुसरी गोष्ट सांगतोय. त्या दिवशी कट्ट्यावर बसलेल्या माणसाला टोचणी नसते, कारण शेजारी पण बसलेलाच असतोय. कुणाचं भांगलण पुढं गेलं, कुणाचं मागं राहिलं, हा विषयच नाही. तू एकटाच सुट्टी घेतोस आणि खिशात ते फोटोवाले बारा तास घेऊन गडावर चढतोस, मग तिथं बसून तरी काय वेगळं होणार? आधी त्या ग्रुपमधनं बाहेर ये, नाहीतर निदान रविवारी बंद ठेव. आणि अभ्यास करणारे दोघं-तिघं मिळून ठरवा, रविवारी दुपारपर्यंत कुणीच पुस्तक उघडायचं नाही. चार माणसांनी मिळून ठरवलं की पाळायला सोपं जातंय.

दुसरं असं की प्रत्येक दिवस सारखा मोजू नकोस. नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आम्ही उजाडायच्या आधी चिखलात उतरतोय, कंबर मोडेस्तोवर रोप लावतोय, तेव्हा कसला रविवार आणि कसली दुपारची झोप, पाऊस थांबणार आहे काय आपल्यासाठी? पण नट्टी झाली की चार दिवस शिवाराकडं नुसती चक्कर. तुझी परीक्षेची तारीख लागली की ते तुझे नट्टीचे दिवस, तेव्हा ओढ की बारा तास. तारीखच नाही तोवर रोज नट्टीसारखं राबलास तर खऱ्या वेळेला कंबर राहणार नाही.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

काकांनी मोठं बोलून दाखवलंत. मी एवढंच जोडतो की कारखान्यातला रविवार पण कुणी आपोआप दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांसाठी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा १० जून १८९० पासनं रविवारची सुट्टी मिळाली. आणि १९४८ चा मूळ कारखाने कायदा काढून बघ, सलग पाच तासांच्या वर काम नाही, त्याच्या आत अर्धा तास तरी विश्रांती द्यायची असं त्यात लिहिलंय. मशीनवरच्या माणसासाठी कायद्यात हे लिहावं लागलं. घरात बसून काम करणाऱ्याला मात्र बेल वाजवणारं कुणी नाही, त्यामुळं तुझी बेल तुलाच लावायला पाहिजे भावा. दीड ते साडेदहामध्ये तुला ब्रेक किती आहे ऑफिसकडनं?

अनगोळ_नाका

कागदावर एक तास आहे, पण मी जेवण स्क्रीनसमोरच करायचो, कॉल ऐकत ऐकत. तर आता असं ठरवूलोय. अभ्यास सात ते साडेनऊ, पहिला सव्वा तास कन्नड लेखन, फोन आईच्या खोलीत. मग थोडं बाहेर चालणं, नंतर नोट्स. साडेबाराला आडवं. चारला चहा गच्चीत, लॅपटॉप खाली. साडेसातला अर्धा तास जेवण, कॅलेंडरवर ब्लॉक करून ठेवतो म्हणजे कुणी मीटिंग टाकणार नाही. रविवारी दुपारपर्यंत पुस्तक बंद. चुकतंय काय कुठं?

नाइटड्युटी_सिस्टर

ठीक आहे, फक्त साडेदहानंतर लगेच अंथरुणावर जाऊ नका, नऊ तासांची स्क्रीन डोळ्यात असते. दिवे कमी करून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसा, घरच्यांशी बोला. साडेअकराला झोप लागली तर सकाळी साडेसहाला उठून सात तास होतात. आणि हे सगळं एकाच दिवशी सुरू करू नका. आधी झोपेची वेळ बसू दे, बाकीचं त्याच्या मागनं घ्या.

निपाणीकर

मी आईला विचारलं. म्हणाली पाठीचं काय विचारतोस, मान आधी धरतीय. सिस्टर, तुमचं बरोबर होतं. पान कापून झालं की वळायला बसायच्या आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं असं तिला सांगितलंय, शेजारची काकी पण बरोबर जाते म्हणाली.

वडगाव_माग

अनगोळवाले भाऊ, माझी मोठी मुलगी पण हीच तयारी करतीय, तिचं पण कन्नड लेखनातच अडतंय. तुमच्याकडं जुने कन्नड पेपर असतील तर सांगा, तिच्याकडं सामान्य ज्ञानाच्या नोट्स चांगल्या आहेत, अदलाबदल करता येईल. रविवारी दुपारनंतर मेसेज करा, सकाळी आमच्यात पण पुस्तक बंद असंच ठरवलंय आता.